पिवळा चौकोन

१

धूपारतीची घंटा सुरू झाली आणि तिसऱ्याच ठोक्याला थांबली.

आसराखेडच्या विठ्ठल-रखुमाई संस्थानात असं कधी झालं नव्हतं. सप्ताहाचा सहावा दिवस, चैत्राचं ऊन कलतीला लागलेलं, मंडपात हजार-बाराशे माणूस उभं. टाळ हातातल्या हातात गप्प झाले. वामनराव पुजारी गाभाऱ्याच्या उंबऱ्यात आले. हातातल्या धुपाटण्याचा धूर त्यांच्याच तोंडावर जात होता, पण त्यांना भान नव्हतं.

"मायच्या नाकात नथ नाई," ते म्हणाले.

संस्थानचे सचिव कारभारी पुढच्याच रांगेत होते. त्यांनी ध्वनिक्षेपक हातात घेतला. "कोणी हलू नका. फाटक लावा. जो तो मशीनीतून बाहेर जाईन."

फाटकाशी चांगुणाबाई उठून उभी राहिली. गुडघा कटकन वाजला. एका मोठ्या विमानतळावर बावीस वर्षं तिने बाया तपासल्या होत्या. वर्दी उतरवून गावी आली ती कोंबड्या पाळायच्या म्हणून. पण विमानतळावरून बाद झालेली, माणसाचं अख्खं अंग तपासणारी एक मशीन कुण्या भाविकाने संस्थानाला दिली, आणि ती चालवणार कोण म्हणून कारभारी तिच्या दारात आले. हात वर करून आत उभं राहायचं, तीन सेकंद थांबायचं. मशीन माणसाचं उघडं अंग दाखवत नसे. दाखवे ते एक साधं रेषांचं माणूस, सगळ्यांना एकच. अंगावर काही लपलेलं असलं तर त्या जागी पिवळा चौकोन. नसलं तर पडदा हिरवा.

हात वर करायचे म्हटल्यावर आसराखेडच्या माणसांना शिकवावं लागलंच नाही. कीर्तनात करतात तसेच करत. म्हाताऱ्या तर आत उभ्या राहिल्या की डोळे मिटून नाव घेत.

त्या संध्याकाळी एकेक माणूस मशीनीतून गेलं. हिरवं, हिरवं, हिरवं. कुणाच्या कंबरेची किल्ली निघाली, कुणाची तंबाखूची पुडी. वामनराव हिरवे. मृदंग वाजवणारा गोविंदा हिरवा. कारभारीही गेले, हिरवे.

शेवटी पुष्पाबाई आल्या. सप्ताहाच्या कीर्तनकार. पन्नाशीच्या, सावळ्या, गळ्यात तुळशीची माळ. दिवसाचं कीर्तन करून थकलेल्या. त्यांनी हात वर केले.

पडद्यासमोर बसलेली काजल, गावची अंगणवाडी सेविका, एकदम ताठ झाली. पिवळा चौकोन. छातीवर.

चांगुणाबाईने पुष्पाबाईंना कापडी पडद्याआड नेलं. मिनिटभरात दोघी बाहेर आल्या.

"काही नाई. जाऊ द्या," चांगुणाबाई म्हणाली.

कारभारी काजलच्या मागे येऊन उभे राहिलेले कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. त्यांचा आवाज चढला नाही, उलट उतरला.

"काही नाई, तं मग थे पिवळं काय होतं, चांगुणाबाई?"

फाटकाबाहेर थांबलेली बाराशे माणसं ऐकत होती. चांगुणाबाईने तोंड मिटून घेतलं.

२

तोंड मिटायला कारण होतं, आणि ते पाच दिवस जुनं होतं.

सप्ताहाच्या पहिल्याच दिवशी तोच चौकोन, त्याच जागी उमटला होता. चांगुणाबाईने शिरस्त्याप्रमाणे पुष्पाबाईंना पडद्याआड घेतलं. "हात लावू काय, बाई?" तिने विचारलं. बावीस वर्षांत हे विचारल्याशिवाय तिने एकाही बाईला हात लावला नव्हता.

पुष्पाबाईंनी स्वतःच पोलक्याची दोन बटणं काढली. डाव्या बाजूला बाईचं अंगच नव्हतं. शिवणीचा आडवा व्रण होता, आणि त्यावर बांधलेली एक मऊ कापडी पिशवी. चांगुणाबाईने बोटांनी चाचपली. आत बारीक गोल दाणे सरकले. मोहरी.

"अकोल्याले काढलं, तीन वर्षं झाले," पुष्पाबाई म्हणाल्या. "घरी मालकाले ठाऊक. बाकी कोणालेच नाई. लोक कीर्तन ऐकाले येतात, माय. त्याइले कळलं का मग नाव ऐकत नाईत, बाई पाह्यतात. बिचारी म्हणतात. मले बिचारी होऊन नाई उभं राहाचं."

"माह्या वर्दीची आन," चांगुणाबाई म्हणाली. "हे या पडद्याच्या भाईर जाणार नाई. कागदावर नाई, माह्या तोंडात नाई."

"वर्दी तं उतरवली ना तुम्ही?"

"आन उतरत नसते, बाई."

दोघी हसल्या होत्या तेव्हा. त्यानंतर रोज पुष्पाबाई तिच्या पडद्याआडून जात. चांगुणाबाईच्या घरी वंदना बुद्धाची. गाभाऱ्याकडे ती कधी फिरकली नव्हती. पण फाटकाशी बसून कर्ण्यातून येणारा पुष्पाबाईंचा आवाज ऐकताना तिला आपला गेलेला नवरा, सहदेव, आठवे. तोही भजनात असाच खालच्या पट्टीतून वर जायचा, डोळे मिटून.

आणि आता तो आवाज चोरीच्या संशयात अडकला होता. एक वाक्य बोललं असतं की पुष्पाबाई सुटल्या असत्या. तेच एक वाक्य न बोलण्याची आन होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारभारींनी तिला कार्यालयात बोलावलं.

"सप्ताहात पोलीस नाई आणणार मी. उद्या सकाळी दहाले काल्याचं कीर्तन. त्याच्या आत नथ रखुमाईच्या नाकात पाह्यजे. नाई तं पुष्पाबाईनं चार बायाइसमोर झडती द्यावं, अन् तुम्ही काय पाह्यलं थे सगळ्याइसमोर सांगावं."

"तुमचा माह्यावर भरोसा नाई?"

"तुम्ही देव मानत नाई, चांगुणाबाई. मी कायच्या भरोशावर भरोसा करू?"

"मी मूर्तीले हात जोडत नाई, कारभारी," ती म्हणाली. "पण दिलेल्या शब्दाले जोडतो." आणि ती उठली.

एक दिवस होता.

३

फाटकावरून चोरी बाहेर गेलेली नाही, एवढं चांगुणाबाईला पक्कं ठाऊक होतं. सगळे हिरवे गेले होते, आणि एकच पिवळं तिने स्वतःच्या बोटांनी तपासलं होतं. म्हणजे नथ आवारातच होती. प्रश्न एवढाच, की रखुमाईच्या नाकातून ती निघाली कशी आणि गेली कुठे.

वामनराव देवळाच्या पायरीवर बसले होते. रात्रभर झोपले नसावेत.

"बाराच्या नैवेद्याले होती जी. मी सोता पाह्यली. मंग अर्धं दार लोटलं अन् उंबऱ्याले पाय लावून लवंडलो. कीर्तन उभं राहाच्या आधी दोघंच आत गेले. गोविंदा कणीक घेऊन, अन् पुष्पाबाई दर्शनाले."

"नथ बसवता कशानं?"

"मेणानं. दगडाच्या मूर्तीले भोक थोडंच असते? चाळीस वर्षं झाले, माह्या हातची नथ कधी ढिली नाई पडली." एवढं बोलून म्हाताऱ्याने नजर खाली घातली, ती घातलीच.

चांगुणाबाईने उंबऱ्याबाहेरूनच आत पाहिलं. लहानसा गाभारा, तोंडावर झळ येत होती. रखुमाईच्या डाव्या-उजव्या हाताला दोन समया. एका समईच्या बुडाशी पांढऱ्या मेणबत्तीचं अर्धं थोटूक पडलं होतं. तिने ते पाहिलं आणि पुढे गेली.

गोविंदा मंडपात मृदंगाची वादी ताणत बसला होता. तोंडात पान, अंगाने आडवा, जिभेने तिखट.

"या मावशी. मले पण पडद्याआड नेता काय?"

"तुले न्याले पडदा पुरला पाह्यजे ना, बापा."

तो खो खो हसला, आणि मग एकदम गंभीर झाला. "माह्यावर डाव धरून राह्यले सगळे. काऊन, तं माह्या पुतणीले, प्राचीले, काल्याचं कीर्तन पाह्यजे होतं अन् थे बाईले गेलं. म्हणून काय मी रखुमाईची नथ घीन अन् बाईवर नाव घालीन?"

"गाभाऱ्यात काऊन गेलता?"

"रोजच जातो. मृदंगाच्या डाव्या तोंडाले ओली कणीक लावा लागते. त्याबगर धूम घुमत नाई. आमच्या आज्यापासून रिवाज हाय. कणकीचं ताट आधी रखुमाईच्या पायापाशी ठेवाचं, हात जोडाचे, बाहेर यायचं. चिलीमभर येळ गेला का मंग ताट उचलाचं अन् लावाची." त्याने डाव्या तोंडावर थाप मारली, धूम मंडपभर फिरला. "पण काल कणकीचं काही खरं नव्हतं. पहिल्या चालीलेच धूम कुरकुरे. मले वाटलं जात्यातला खडा आला पिठात. खरवडून काढली, नवी लावली."

"जुनी गाईले दिली?"

"खड्याची कणीक गाईले कायले देऊ? अन् अन्न तं फेकत नसते. मागच्या लिंबाच्या बुडाशी ठेवली, मुंग्याइले. पुण्य लागते म्हणतात. तेवढंच माह्या खात्यावर."

चांगुणाबाई हसली. तिच्या डोक्यात तेव्हा फक्त माणसंच होती. कोण आत गेलं, कोण बाहेर आलं. पाण्याच्या टाकीजवळ आली तेव्हा भांडी घासणाऱ्या दोन बाया कुजबुजत होत्या. तिला पाहून त्या थांबल्या, पण उशिरा.

"...उजव्या अंगाले होतं म्हणे, पोलक्यात."

चांगुणाबाईचा पाय जागच्या जागी थांबला.

४

उजव्या?

पिशवी डाव्या अंगाला होती. तिने स्वतः चाचपली होती.

ती सरळ काजलकडे गेली. काजल मशीनीशेजारी बसून डोळे पुसत होती. "मावशी, लोक म्हणून राह्यले मी सांगितलं. लेकराइची आन, मी नाई!"

"तू नाई, हे मले ठाऊक हाय. सांग बरं, पडद्यावरचा चौकोन उजव्या हाताले दिसला, तं माणसाच्या कोणत्या अंगाले?"

"डाव्या. तुम्हीच तं शिकवलं पहिल्या दिवशी. पडद्यावरचं माणूस आपल्याकडे तोंड करून असते."

"हाव. आपण आमोरासमोर बसलो का माह्यं डावं तुह्या उजव्या हाताले येते. म्हणजे 'उजव्या अंगाले' म्हणणाऱ्यानं पडदा पाह्यला, पण त्याले वाचता येत नव्हता." चांगुणाबाईने मान हलवली. "तुह्या मागं कोण उभं होतं काल?"

काजलने कार्यालयाच्या दाराकडे पाहिलं.

कारभारी कार्यालयात एका फोटोसमोर उदबत्ती लावत होते. फोटोत पंचविशीचा तरुण, फेटा बांधलेला.

"तुम्ही पडदा पाह्यला, कारभारी. अन् बोलले. मशीन घ्याच्या वेळी आपलं ठरलं होतं, बायाइचा पडदा बाईच पाह्यीन."

कारभारी वळले नाहीत. "हा ज्ञानेश्वर. माह्या पाठचा. दोन वर्षांमागं जत्रेच्या गर्दीत कोणीतरी सुरा घेऊन आलं. भांडण दुसऱ्याचं, हा सोडवाले गेला. त्या दिवशी फाटकावर एका माणसानं, एकाच माणसानं, त्या नालायकाच्या कंबरेले हात लावून पाह्यला असता तं माहा भाऊ आज वावरात असता. कोणाची लाज जाईन म्हणून कोणी हात लावला नाई." मग ते वळले. डोळे लाल होते. "तुम्ही मले पडद्याचं सांगता?"

चांगुणाबाईने तरी बावीस वर्षं काय केलं होतं? दोन्ही बाजू सांभाळत एका अरुंद फळीवरून चालली होती.

"तुमचं दुःख खरं हाय," ती म्हणाली. "पण तपासणं येगळं अन् सांगत फिरणं येगळं, भाऊ."

सांजेला ती पुष्पाबाई उतरल्या होत्या त्या घरी गेली. पुष्पाबाई ओसरीवर चिपळ्या पुसत बसल्या होत्या. यजमानीण चहा ठेवून काही न बोलता आत निघून गेली. कालपर्यंत ती पायाशी बसत होती.

"मीच सांगून टाकू काय?" पुष्पाबाईंनी विचारलं. आवाज कीर्तनातला नव्हता, एखाद्या पोरीचा होता.

"नका. माह्यासाठी थांबा. नथ आवारातच हाय. मी आणतो."

"कधीपर्यंत?"

"उद्या कीर्तन उभं राहाच्या आत."

पुष्पाबाईंनी चिपळ्या वाजवून पाहिल्या. "तुमचा शब्द म्हणजे शब्द," त्या म्हणाल्या.

५

दुसऱ्या दिवशी सकाळपासून चांगुणाबाईने आवार पालथं घातलं. धर्मशाळा, कोठीघर, निर्माल्याचा खड्डा. काही नाही. दहा वाजले. मंडपात कीर्तनाची पंचपदी सुरू झाली. तिच्या शब्दाची वेळ टळली होती.

फाटकाशी टोपली होती. आत न्यायला मनाई म्हणून काढून ठेवलेल्या वस्तू तिच्यात असत. अडकित्ते, चाकू, चुन्याच्या डब्या. शेवटचा दिवस म्हणून लोक आपापलं घेऊन जात होते. वामनराव आले आणि अवघडून उभे राहिले.

"माही डबी घेऊ काय जी?"

"कोणती?"

म्हाताऱ्याने टोपलीत हात घालून टिनाची एक गंजकी डबी काढली. पहिल्या दिवशीच्या गर्दीत चांगुणाबाईनेच ती त्यांच्याकडून घेतली होती. झाकण निघेना, आत काय ते कळेना. नियम म्हणजे नियम, बंद डबं आत जायचं नाही. तिने मान वर करून कुणाची म्हणून पाहिलंही नव्हतं.

"काय हाय तिच्यात?"

"मेण जी. मधाच्या पोळ्याचं, राळ घालून मीच करतो. नथीचं." "तुम्ही घेतली, मंग मले परत मागाची लाज वाटली. एवढ्या मोठ्या मशीनीपुढं डबीचं काय भांडाचं? सहा दिवस मेणबत्तीच्या मेणावर भागवलं. काल इचारलं तुम्ही, तं भेवानं बोललो नाई."

चांगुणाबाई खुर्चीवर बसली.

मेणबत्तीचं मेण. चैत्राचं ऊन. हातभर गाभारा, दोन समया, लोटलेलं दार. नथ कुणी काढलीच नव्हती. मेण पाघळलं आणि ती सुटली होती. सुटली तर खाली पडली. खाली रखुमाईचे पाय. आणि पायांशी त्या वेळी काय होतं?

ताट. ओल्या कणकीचं.

आवाज न करता ती कणकीत रुतली. गोविंदाने ताट उचललं, कणीक तशीच मृदंगाला थापली. आणि धूम कुरकुरला. जात्यातला खडा नव्हता तो.

माणसांना मशीन होती. कणकीला नव्हती.

कर्ण्यातून टाळ थांबल्याचा आवाज आला. मग एका पुरुषाचा, मंडपाच्या मागच्या बाजूने: "आधी झडती द्या, मंग काला करा!"

आणि त्यानंतर पुष्पाबाईंचा आवाज, शांत. "बसा माय-बापहो. एक कथा सांगतो. मंग झडती देतो."

६

गुडघा धरून चांगुणाबाई धावली. मंडपाच्या मागे, कोठीघर ओलांडून, लिंबाच्या बुडाशी. कर्णा लिंबाच्याच फांदीला बांधलेला होता. पुष्पाबाईंचा आवाज थेट डोक्यावर पडत होता.

"एक बाई होती. नवसासायासानं तिले लेक झाली. राखी नाव ठेवलं. सव्वा महिन्याची झाली, अन् गेली."

मुळांच्या बेचक्यात मातीच्या रंगाचा एक गोळा होता, उन्हाने तडकलेला, त्यावर मुंग्यांची काळी रांग. चांगुणाबाई गुडघ्यांवर बसली.

"पाळणा परत दिला बाईनं. दुपटे दिले, झबले दिले. मोहरीची उशी तेवढी देववली नाई. बाळाचं डोकं गोल यावं म्हणून ठेवतात ना, थे. तिच्यात लेकीच्या डोक्याचा खळगा होता. बाईनं थे पेटीत ठेवली. पंचवीस वर्षं."

गोळा दगडासारखा झाला होता. तिने तो मुळावर आपटला. एकदा. दोनदा.

"मंग बाईच्या अंगात रोग आला. अकोल्याच्या डॉक्टरनं तिची एक बाजू काढून घेतली. बाई घरी आली, आरशात पाह्यलं, अन् पेटी उघडली."

तिसऱ्या आपटीला गोळा फुटला. आत सोन्याचा आकडा, त्यावर चार मोती आणि एक लाल खडा. मुंग्यांनी कणीक पोखरून खाल्ली होती, सोन्याला तोंड लावलं नव्हतं.

"थांबा!" चांगुणाबाई ओरडली. "बाई, थांबा! गावली!"

कर्ण्यापुढे तिच्या आवाजाचं काय चालणार होतं? ती उठली, पडली, पुन्हा उठली.

"जिथं लेक दूध पेत होती, तिथं बाईनं लेकीची उशी बांधली. तीन वर्षं थे बाई तुमच्यासमोर नाचून राह्यली. तुम्हाले कळलं नाई, कारण तुम्ही नाव ऐकत होते. आता तुम्हाले पाह्याचंच हाय. पाहा."

मग कर्ण्यातून एक बारीक आवाज आला. सर्रर्र. पाटावर दाणे सांडत राहावेत तसा, संपेचना असा.

चांगुणाबाई मंडपाच्या दाराशी पोचली, तेव्हा शेवटचे दाणे पायऱ्यांवरून उड्या मारत खाली येत होते.

७

गोविंदाने मृदंगावर कपाळ टेकवलं होतं.

चांगुणाबाईने नथ कारभारींच्या हातावर ठेवली. बोटांना अजून कणीक लागलेली होती. "चोर कोणीच नाई," ती म्हणाली, आणि मेण, ताट, मृदंग, मुंग्या, सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही, तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. "अन् पहिला दोष माहा. मेणाची डबी मी अडवली. न उघडता, न इचारता."

कारभारींनी नथ वामनरावांना दिली. मग स्वतःची टोपी काढून ते पुष्पाबाईंच्या पायाशी बसले. पुष्पाबाईंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "तुमचा भाऊ गेला, माही लेक गेली," एवढंच त्या म्हणाल्या. काल्याची दहीहंडी त्यांनीच फोडली. पण चाल म्हटली नाही. आवाज निघाला नाही की त्यांनी काढला नाही, कोण सांगेल?

बायांनी जाजम झटकून, फटींतून बोटं घालून, दाणा दाणा मोहरी वेचली आणि पिशवीत भरली. सगळी काही मिळाली नाही.

दुपारी पुष्पाबाई फाटकाशी आल्या. जाणाऱ्याला आता तपासणी नव्हती. वाट मोकळी होती.

"मी उशीर केला, बाई," चांगुणाबाई म्हणाली. "त्याच सांजेला बोलली असती तं..."

"बोलल्या असत्या तं मी कोणाच्या भरोशावर थांबली असती?" पुष्पाबाई म्हणाल्या. "तुमचा पडदा राहू द्या, माय. मागं लय बाया यायच्या हायत."

"पुढच्या साली येसान ना?"

पुष्पाबाईंनी मशीनीकडे पाहिलं, मग हातातली पिशवी पुढे केली. "धरा जरा."

त्या आपण होऊन आत उभ्या राहिल्या. हात वर केले. कीर्तनात करायच्या तसेच, तळवे उघडे, डोळे मिटलेले. एक, दोन, तीन.

काजलने पडद्याकडे पाहिलं आणि पदर तोंडात कोंबला.

हिरवं. सप्ताहात पहिल्यांदा, हिरवं. मशीनीच्या लेखी त्या अंगावर लपवलेलं आता काही उरलं नव्हतं.

चांगुणाबाई तशीच उभी होती. खूप वेळाने तिच्या ध्यानात आलं, की आपण ती पिशवी एका तळव्यावर पेलून दुसरा हात तिच्याखाली धरला आहे, अजून मान न सावरलेलं लेकरू धरतात, तसा.